रुग्णालयाची इमारत कोणाची?

३ ऑक्टोबर २०२३ रोजी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे तिथल्या प्रमुख डॉक्टरांच्या, हाती झाडू दिला आणि त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत याच रुग्णालयात २४ तासांमध्ये २४ रुग्ण दगावले होते आणि त्यांत १२ नवजात बालके होती, त्यामुळे लोकांचा संताप समजण्यासारखा होता. ती चित्रफीत राज्यभर फिरली. डॉक्टरचा असा पाणउतारा पाहून काहींना चीड आली, तर काहींना बरे वाटले. नोकरीची बावीस वर्षे रुग्णालयांच्या देखभाल विभागात काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र ती पाहताना एकच प्रश्न पडला, आणि त्या गदारोळात तो कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आले नाही. ते शौचालय नेमके कोणाच्या ताब्यात होते?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. राज्य शासनाच्या रुग्णालयांच्या इमारती सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो आणि दुरुस्तही तोच करतो. त्यातही भिंती, छत, नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या स्थापत्य शाखेकडे असतात, तर तारा, पंखे, पंप आणि लिफ्ट विद्युत शाखेकडे. झाडलोट बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या माणसांकडे गेली आहे. फ्लशची टाकी गळू लागली तर अधिष्ठाता पत्र लिहू शकतात. त्या पत्रावर उपविभागाचा अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधीची तरतूद, मग निविदा. अधिष्ठाता शल्यविशारद असेल किंवा बालरोगतज्ज्ञ असेल, इमारतीच्या बाबतीत तो निव्वळ भाडेकरू असतो, आणि भाडेकरूही असा की ज्याला घरमालकाला जाब विचारण्याची सोय नाही. झाडू मात्र त्याच्याच हाती आला.

माझे म्हणणे असे, की मोठ्या रुग्णालयाच्या आस्थापनेवर, रुग्णालयप्रमुखाच्या थेट हाताखाली आणि त्याच आवारात बसणारा सुविधा अभियंता कायद्यानेच असला पाहिजे. एखादा विभाग सुरू करण्यास किंवा सुरू ठेवण्यास लेखी नकार देण्याचा अधिकार त्याला हवा, आणि इमारतीमुळे कोणाचा जीव गेला तर पहिला जाब त्यालाच विचारला जायला हवा. मी माझ्याच व्यवसायाची वकिली करतो आहे, हे मला ठाऊक आहे. पण या मागणीचा शेवटचा भाग माझ्या व्यवसायाला सोयीचा नाही, हेही वाचकाने लक्षात घ्यावे.

रुग्णालय म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि खाटा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते कधीही बंद न होणारे यंत्र आहे. प्राणवायूचेच घ्या. आवारातल्या उभ्या टाकीत तो उणे १८३ अंश सेल्सियसच्या आसपास द्रवरूपात असतो. एक लीटर द्रवापासून सुमारे ८६० लीटर वायू होतो, तो द्रवाचा वायू करणाऱ्या बाष्पकातून जाऊन ठरावीक दाबाने तांब्याच्या नळीत शिरतो आणि खाटेशेजारच्या भिंतीतून बाहेर पडतो. टाकीत बिघाड झाला तर मॅनिफोल्ड रूममधल्या, म्हणजे वाहिनीला जोडून ठेवलेल्या राखीव साठ्याच्या खोलीतल्या, जंबो सिलिंडरांनी भार उचलायचा असतो. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर वायू मावतो. करोनाच्या काळात नाकाद्वारे वेगाने प्राणवायू देणारी जी यंत्रे आली, ती एका रुग्णाला मिनिटाला ६० लीटरपर्यंत वायू देतात. असे दहा रुग्ण असतील तर तासाला ३६ घनमीटर, म्हणजे पाचाहून अधिक जंबो सिलिंडर लागतात. ज्या वॉर्डांतल्या नळ्या रुग्णाला मिनिटाला दोन-चार लीटर लागतील या हिशेबाने टाकलेल्या होत्या, त्याच नळ्यांवर २०२० आणि २०२१ साली ही यंत्रे लागली. तो गुणाकार करणे हे डॉक्टरचे काम नव्हते. ज्याचे होते, तो माणूस बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नव्हता.

हवेचेही तसेच आहे. शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला निदान वीस वेळा बदलली पाहिजे आणि तिथला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असला पाहिजे, म्हणजे दार उघडले की हवा बाहेर जाईल आणि जंतू आत येणार नाहीत. क्षयरोग्याच्या विलगीकरण कक्षात नेमके उलटे हवे. दोन्ही खोल्यांत उभ्या राहिलेल्या माणसाला फरक कळत नाही, दोन्हीकडे सारखेच गार वाटते. गच्चीवरच्या एएचयूचा, म्हणजे हवा गाळून आत ढकलणाऱ्या यंत्राचा, पट्टा ढिला पडून हवा निम्म्यावर आली तरी शल्यविशारदाला त्याचा पत्ता लागतो तो काही आठवड्यांनी, जखमा चिघळू लागल्यावर, आणि तेव्हाही संशय आधी प्रतिजैविकावर आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरवर जातो. डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्रात रुग्णाच्या रक्ताचा पातळ पडद्याआडून सुमारे १२० लीटर द्रावाशी संबंध येतो. ते पाणी शुद्ध आहे की नाही हे चवीवरून किंवा वासावरून ठरत नाही, कोणीतरी रोज मोजावे लागते. लिफ्ट, सांडपाणी प्रकल्प, शवागाराची शीतयंत्रणा यांचा पसारा मी इथे मांडत नाही.

विजेवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण माणसे तिथेच जळाली आहेत. जुन्या जनरल वॉर्डातली वायरिंग पंखे, ट्यूबलाइट आणि चार-दोन सॉकेटांसाठी केलेली असते. त्याच वॉर्डाचा अतिदक्षता विभाग होतो तेव्हा प्रत्येक खाटेला व्हेंटिलेटर, मॉनिटर, तीन-चार सिरिंज पंप येतात आणि भिंतीवर स्प्लिट एसी लागतात. हे एसी मुळात घरासाठी आणि कचेरीसाठी केलेले, दिवसाचे आठ-दहा तास चालून थंड व्हायला मिळेल अशा बेताने. इथे ते वर्षाचे ८,७६० तास चालतात. तारेची जोडणी तापते, निवते, पुन्हा तापते आणि हळूहळू स्क्रू ढिला होतो. ढिल्या जोडणीत उष्णता वाढते, पण प्रवाह वाढत नाही. त्यामुळे ज्या एमसीबीवर, म्हणजे प्रवाह वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्यावर, आपण विसंबून असतो ती पडतच नाही. खिडक्या एसीसाठी बंद केलेल्या, आणि रुग्णांच्या मास्कमधून निसटणारा प्राणवायू खोलीत साठत गेलेला. साध्या हवेत त्याचे प्रमाण २१ टक्के असते. ते दोन-तीन टक्क्यांनी वाढले तरी एरवी धुमसून विझणारी गोष्ट भडकते. ढिला स्क्रू शोधायला थर्मल कॅमेरा आणि महिन्यातला एक दिवस पुरतो. तो कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस मात्र लागतो.

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपासून ती सुरू झाल्याचे चौकशीत पुढे आले. कारवाई झाली ती जिल्हा शल्यचिकित्सकांवर, डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर, त्यांतल्या काही कंत्राटी होत्या; पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. तो विभाग करोनासाठी नव्याने उभारलेला होता. तीन दिवसांनी पोलिसांनी ज्या पहिल्या चौघींना अटक केली, त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. त्याही आधी, जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर हातात असलेला रुग्णाचा नातेवाईक एमआरआयच्या चुंबकाकडे खेचला जाऊन मरण पावला, तेव्हाही डॉक्टर, वॉर्डबॉय आणि आयाबाई हेच पोलिसांच्या समोर होते.

परिचारिका जागेवर नव्हत्या का, त्यांनी आरडाओरडा ऐकून काय केले, हे प्रश्न गैरलागू आहेत असे मी म्हणत नाही. रुग्णाची जबाबदारी घेतलेल्या माणसाला ते विचारले जाणारच. पण आग कशी लागली आणि आग लागल्यावर कोण कुठे होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपली यंत्रणा पहिल्याचे उत्तर दुसऱ्यातून काढते. यामागे दुष्टपणा असेलच असे नाही. पोलीस हजेरीपट मागवतात. त्या रात्रीच्या हजेरीपटावर ज्यांची नावे असतात, त्यांना बोलावले जाते. त्यावर सिस्टरचे नाव असते, डॉक्टरचे असते, वॉर्डबॉयचे असते. त्या भिंतीतल्या तारांसाठी जबाबदार असलेल्या कोणाचेही नाव त्या कागदावर नसते, कारण तो माणूस रुग्णालयाचा नसतोच.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे, की प्रत्येक यंत्राचा देखभाल करार केलेला आहे. ते खरे आहे. एसीवाल्याचा करार आहे, जनरेटरवाल्याचा आहे, प्राणवायूवाल्याचा आहे, वैद्यकीय उपकरणांचा वेगळा आहे. प्रत्येक कंत्राटदार आपल्या यंत्रापुरता आणि सेवा अहवालावर सही मिळेपर्यंत बांधील असतो. अपघात मात्र दोन कंत्राटांच्या मधल्या जागेत होतात. एसी बरोबर चालत होता, तारही कागदावर ठीक होती, फक्त हा एसी त्या तारेवर लावायचा नव्हता, आणि ही गोष्ट कोणाच्याही करारात लिहिलेली नव्हती. नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, वाहिनीतला दाब कोसळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. टाकी बाहेरच्या कंपनीची, देखभाल तिचीच, रुग्णालय महापालिकेचे. गळती झाली त्या क्षणी कोणती झडप बंद करायची, वॉर्डाला निरोप कोणी द्यायचा आणि राखीव सिलिंडर किती मिनिटे पुरतील, ही उत्तरे तिथल्याच एका माणसाच्या डोक्यात आधीपासून तयार असावी लागतात. करारात ती असली तरी त्या वेळी करार कोण वाचत बसणार?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत वैद्यकीय वायूंच्या वाहिन्यांसाठी एक साधी पद्धत आहे. वाहिनीवर काम करायचे तर नावानिशी नेमलेल्या अधिकृत व्यक्तीची लेखी परवानगी लागते आणि ज्या वॉर्डाचा पुरवठा थांबणार त्या वॉर्डाच्या जबाबदार परिचारिकेची किंवा डॉक्टरची त्याच कागदावर सही लागते. या दोन सह्यांशिवाय झडपेला हात लावता येत नाही. यात परदेशी असे काही नाही. आपल्याकडेही क्ष-किरण आणि किरणोपचार विभागांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार विकिरण सुरक्षा अधिकारी नावानिशी ठरलेला असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. हजार धडधाकट कामगारांसाठी कायद्याला जे सुचले, ते हजार खाटांवर पडलेल्या, धूर भरला तरी उठून पळू न शकणाऱ्या माणसांसाठी का सुचू नये, हे मला आजवर उमगलेले नाही.

अग्निसुरक्षेची तपासणी होत नाही असे नाही. २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून फॉर्म बी, म्हणजे आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, घेऊन तो द्यावा लागतो. प्रत्येक दुर्घटनेनंतर राज्यभर ऑडिटचे आदेशही निघतात. ऑडिट करणारा एका दिवसात येऊन जातो. त्याने पाहिलेल्या वॉर्डात पुढच्या आठवड्यात सहा नवे पंप आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड येतात. त्याच्या अहवालातल्या शिफारशींना पैसे लागतात, पैशांना अंदाजपत्रक लागते, आणि अंदाजपत्रक पुन्हा त्याच साखळीतून जाते. मी अनेक ऑडिट अहवाल वाचले आहेत. त्यांतले बहुतेक बरोबर होते.

खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत चित्र निराळे असल्याचे सांगितले जाते, कारण तिथे अभियंता असतो. असतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो; पण त्याला काय किंमत असते तेही सांगायला हवे. मी ज्या रुग्णालयात उमेदवारी केली, तिथे एका जुन्या वॉर्डाचा बारा खाटांचा अतिदक्षता विभाग करायचे ठरले. मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र केबल ओढल्याशिवाय तो सुरू करू नये, त्याला सहा आठवडे लागतील, अशी टिपणी मी लिहिली. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पाहुण्यांना निमंत्रण गेले होते. टिपणी परत आली, शेरा न मारता. ‘असले काही लिहून पाठवत जाऊ नका, तोंडी सांगत जा,’ एवढे मला बोलावून सांगण्यात आले. मी तोंडी सांगितले, आणि विभाग ठरल्या दिवशी सुरू झाला. आठ महिन्यांनी एका रात्री तिथल्या सिस्टरना जळक्या रबराचा वास आला. त्यांनी फोन केला, आम्ही धावलो, फळीआडच्या वितरण पेटीत एक जोडणी काळी पडून वितळलेली सापडली. तीन रुग्णांना हलवावे लागले, कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस निघाली ती त्या सिस्टरच्या नावाने. सिरिंज पंप एक्स्टेन्शन बोर्डावर का लावला, याचा खुलासा त्यांना मागण्यात आला होता. भिंतीवरचे सॉकेट अपुरे होते म्हणून, असे त्यांनी लिहून दिले. माझी टिपणी दाखवावी असे मला त्या दिवशी वाटले होते. मी दाखवली नाही, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

म्हणून नुसते पद निर्माण करून भागणार नाही. रुग्णालयात अभियंत्याला आजही ‘मेंटेनन्सवाले’ म्हणतात आणि तो प्रशासन अधिकाऱ्याच्या हाताखाली, लाँड्री आणि वाहनतळ यांच्या रांगेत बसतो. त्याची जागा वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका (मेट्रन) यांच्या बरोबरीची हवी, कारण खाटा वाढवायच्या की नाहीत या बैठकीत ज्याला बोलावले जात नाही तो नंतर फक्त आग विझवायलाच उपयोगी पडतो. किरकोळ दुरुस्तीसाठी त्याच्या सहीने वापरता येईल असा निधी हवा. नवा विभाग त्याच्या प्रमाणपत्राशिवाय उघडता येऊ नये. रुग्णालयप्रमुखाला त्याचा नकार डावलायचा असेल तर डावलू द्यावा, महामारीत तशी वेळ येते हे मी पाहिले आहे; मात्र डावलण्याचे कारण लिहून त्याखाली सही करावी लागावी.

आणि नकाशे हवेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात पाणीगळतीच्या तक्रारीवरून पाहणी करताना एका ब्रिटिशकालीन इमारतीखाली सुमारे २०० मीटर लांबीचे भुयार सापडले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुकाने वर्णन केले आणि ते योग्यच होते. मला मात्र धडकी भरली. दोनशे मीटरचे भुयार जर विस्मृतीत जाऊ शकते, तर पुढच्या वॉर्डातली प्राणवायूची झडप कोणत्या छताआड आहे हे किती रुग्णालयांना ठाऊक असेल? आपल्याकडे ही माहिती तीस वर्षे नोकरी केलेल्या एखाद्या प्लंबरमामांच्या डोक्यात असते आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर घरी जाते.

पैशांचा आक्षेप मी फार गंभीर मानत नाही. शेकडो कोटींच्या इमारतीत एका अभियंत्याचा आणि त्याच्या पाच-सहा तंत्रज्ञांचा पगार जड होऊ नये. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अभियंते आहेतच, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते आहेत आणि त्यांतले कितीतरी उत्तम आहेत. पण त्यांच्याकडे त्याच वेळी रस्ते, विश्रामगृहे, न्यायालये आणि वसतिगृहे असतात, त्यांची बदली त्यांच्या खात्यात होते आणि गोपनीय अहवालही त्यांच्याच खात्याचा वरिष्ठ लिहितो. मुंबई महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अभियंते दिसतात, तरी खाते वेगळे असण्याची अडचण तिथेही सुटत नाही. हेच अभियंते प्रतिनियुक्तीवर रुग्णालयात आणले आणि त्यांचा अहवाल अधिष्ठात्याने लिहिला, तरी बरेच काही साधेल. नवे पद म्हणजे नवी रिक्त जागा, अशी थट्टाही मी ऐकली आहे. महाराष्ट्रातल्या आरोग्य खात्याचा अनुभव पाहता तिला माझ्याकडे उत्तर नाही.

खरा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. उद्या असे पद झाले तर परिचारिकेऐवजी अभियंत्याला बेड्या पडतील, बळीचा बकरा तेवढा बदलेल, असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. अधिकार न देता जबाबदारी दिली तर नेमके तेच होईल, आणि तसे होणार असेल तर हे पद कोणी पत्करू नये. पण अधिकार मिळाला तर चौकशीला पहिल्यांदा मलाच बोलावले जावे, त्यात मला अन्याय वाटणार नाही. माझ्याआधी पोलिसांनी हजेरीपटाबरोबर नकारांची वहीही ताब्यात घ्यावी. कोणत्या तारखेला कोणता विभाग सुरू करू नका असे मी लिहिले, तपासणीत कोणती जोडणी तापलेली सापडली, ती मी किती दिवसांत बदलली, आणि माझ्या नकाराखाली ‘तरीही सुरू करावे’ अशी सही कोणाची आहे, हे तिथे असेल. वही कोरी निघाली तर माझ्यावर गुन्हा दाखल करावा. त्या रात्री खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचा जबाब साक्षीदार म्हणून घ्यावा.